आयुष्य सलग वाचण्याची पद्धत

मानवी विकास बालपण आणि पौगंडावस्थेपाशी थांबतो, ही समजूत विकास मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून हद्दपार झाली असली, तरी संशोधनाच्या प्रत्यक्ष व्यवहारात ती अजून ठाण मांडून आहे, आणि या अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून मांडावयाचा मुद्दा त्या व्यवहाराशीच निगडित आहे. विकास आयुष्यभर चालतो, प्रत्येक वयात काही हाती लागते आणि काही निसटते, हा विचार पॉल बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने आग्रहाने मांडला. तो तपासायचा कसा, हे मात्र त्याहून अवघड ठरले.

विशीतल्या, चाळिशीतल्या आणि साठीतल्या निरनिराळ्या माणसांची एकाच वेळी चाचणी घेऊन तुलना करणे, म्हणजेच छेदात्मक पद्धती, कमी खर्चाची आणि झटपट उरकणारी असते. पण साठीतल्या स्त्रीला कमी गुण पडले, तर ते वयामुळे की तिला शाळेचे तोंडच पाहायला मिळाले नाही म्हणून, याचा उलगडा त्या आकड्यांतून होत नाही. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली अमेरिकेतील सिएटल येथे सुरू केलेल्या अभ्यासात दर सात वर्षांनी त्याच व्यक्तींना पुन्हा तपासले गेले, तेव्हा छेदात्मक आकडेवारीत बरीच आधी दिसणारी बौद्धिक घसरण अनेक क्षमतांच्या बाबतीत प्रत्यक्षात साठीच्या सुमारास सुरू होते, असे आढळले; म्हणजे वयाच्या माथी मारलेला बराचसा दोष पिढीपिढीतल्या परिस्थितीचा होता.

महाराष्ट्राच्या खेड्यांत तर वय हीच पहिली अडचण असते. जन्मतारखेचा दाखला नसलेली वृद्ध स्त्री ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरली रांगत होती’ असे सांगते, आणि घाईतला सर्वेक्षक तिच्यापुढे ६५ किंवा ७० असा गोल आकडा टाकून मोकळा होतो. वास्तविक तिच्या त्या एका वाक्यात १९६७ चा डिसेंबर आणि तिच्या आयुष्यातला नेमका टप्पा, दोन्ही नोंदवलेले असतात.

याच भूमीत चिकाटीने उभे राहिलेले एक काम या शास्त्राने अभिमानाने पुढे ठेवावे असे आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भारपणाआधीपासून नोंद ठेवली, आणि बाळ जन्मल्यावर पहिल्या दिवसांतच त्याचे वजन करून, खांद्याच्या पात्याखालची त्वचेची घडी चिमट्यासारख्या मापकात हलकेच धरून तिची जाडी मोजली. ही बाळे सरासरी २.७ किलोची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची भरली. पण वजनात आणि स्नायूंत एवढी मागे असलेली पुण्याची बाळे त्या घडीतल्या चरबीत फारशी मागे नव्हती. ‘सडपातळ तरी चरबीयुक्त’ अशा या देहाचे वर्णन पुढे भारतीयांच्या मधुमेहाच्या चर्चेत मध्यवर्ती ठरले. गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध अधिक आढळला, हेही त्याच मुलांचा माग न सोडल्यामुळेच कळू शकले.

मन आणि शरीर यांची खाती वेगळी ठेवण्याची विद्यापीठीय सवय अशा कामापुढे टिकत नाही. पीएच.डी.च्या मुदतीत बसेल तेवढेच आयुष्य अभ्यासायचे आणि प्रबंध सादर होताच प्रश्नावल्यांचे गठ्ठे रद्दीत घालायचे, ही रीत थांबली पाहिजे. सहभागी व्यक्तींची संमती आणि गोपनीयता सांभाळून मूळ नोंदी जतन करणे आणि त्या पुढच्या संशोधकाच्या हाती सोपवणे ही प्रत्येक विभागाची बांधिलकी मानली गेली पाहिजे. पुण्याच्या त्या गावांत हे घडले, म्हणूनच १९९३ नंतर जन्मलेली ती मुले किशोरवयात आली तेव्हा, २०१२ साली, त्यांना ती स्वतः आईबाप होण्याआधीच ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू करता आला, आणि पुढे त्यांच्या पोटी आलेल्या बाळांचीही तशीच मोजमापे घेतली गेली.