भाड्याने दिलेलं घर : झीज कुठली आणि नासधूस कुठली

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ‘सभासदांचे अनुभव’ या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सचिव मला म्हणाले, “काका, तुम्ही भाडेकरू या विषयावर बोला. तुमच्याइतका अनुभव इथे कुणाला नाही.” हा मान म्हणायचा की सहानुभूती, हे मला अजून कळलेलं नाही. (हशा)

पण विषय महत्त्वाचा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जवळजवळ प्रत्येक दारावर मालकाचीच पाटी होती. आज मुलं कुणाची बंगळुरूला, कुणाची अमेरिकेत. एकाच जिन्यावर दोन-तीन फ्लॅट भाड्याने असतात. मागच्या सर्वसाधारण सभेत एक सूचनाही आली होती की बॅचलर मुलांना जागा द्यायचीच नाही, असा ठराव करा. मी तेव्हा बोललो नाही, कारण सभा लांबली होती आणि वडे थंड होत होते. आज बोलतो.

आपण पुणेकर आहोत. घरमालक आणि भाडेकरू यांचं नातं कसं सडतं, हे आपण पेठांतल्या वाड्यांत पाहिलेलं आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बऱ्याच जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. महिना पाच-दहा रुपये भाडं, त्यात मालक कौलं शाकारणार कशी? आणि भाडेकरू म्हणणार, घर माझं नाही, मी का खर्च करू? कुणी हातोडा घातला नाही, तरी वाडे पडले. पुढे १ फेब्रुवारी १९७३ ला ज्यांचा लायसन्सचा करार चालू होता, त्यांना कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. ती धास्ती इतकी बसली की आमच्या वडिलांच्या पिढीत लोक घराला कुलूप लावून ठेवत, पण भाड्याने देत नसत.

आता तसं राहिलेलं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की जागा परत द्यावीच लागते. म्हणजे घर हातचं जाईल ही भीती कमी झाली. पण घर परत मिळेल ते कसल्या अवस्थेत, हा प्रश्न राहतोच.

माझा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मुलासाठी घेतलेला. तो नोकरीला बाहेर गेला म्हणून भाड्याने दिला. पहिलं कुटुंब तीन वर्षं राहिलं, काही त्रास नाही. नंतर एजंटने एक जोडपं आणलं. गाडी, चांगले कपडे, गोड बोलणं, पहिलीतली एक मुलगी. भाडं १८ हजार, डिपॉझिट ६० हजार, मुदत ११ महिने. करार नोंदवला आणि त्याला घरातल्या वस्तूंची यादी व ४२ फोटो जोडले. ओटा, सिंक, ट्रॉल्या, प्रत्येक दार आतून-बाहेरून, बाथरूमच्या फरश्या. ते गृहस्थ हसून म्हणाले, “काका, लग्नाचा अल्बम करताय का?” मी म्हटलं, “हो, दोघांच्या सह्या लागतात, म्हणजे तसंच.”

सातव्या महिन्यात खालच्या काकूंचा फोन आला. आपण सगळेच त्यांना काकू म्हणतो. त्या एकट्या राहतात. म्हणाल्या, “भाऊ, तक्रार नाही हो, पण देवघरावर पाणी ठिबकतंय. आठ दिवस पातेलं ठेवतेय.” आठ दिवस! माणूस शेजाऱ्याला त्रास नको म्हणून किती सोसतो बघा.

मी भाडेकरूंना लेखी कळवलं की रविवारी सकाळी दहाला घर बघायला येतो. मालकाला आधी सूचना देऊन योग्य वेळी जागा पाहण्याचा हक्क आहे. नव्या कायद्याचं कलम २८ तेच सांगतं. पण सूचना देऊन, हे महत्त्वाचं. आपली किल्ली आहे म्हणून ते नसताना दार उघडायचं नाही.

आत गेलो तर हॉलचं गोदाम झालेलं. खोक्यांच्या थप्प्या छतापर्यंत. ऑनलाइन विक्रीचा माल तिथून जायचा. रात्री टेम्पो यायचा, हे वॉचमनला माहीत होतं, पण त्याला वाटलं मालकाला माहीत असेल. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनचा पाइप जाळीत न सोडता तसाच फरशीवर सोडलेला. तेच पाणी मुरून काकूंच्या देवावर अभिषेक चालला होता. ओट्याच्या ग्रॅनाइटला आरपार तडा. दोन ट्रॉल्या रुळांसकट उखडलेल्या. मी विचारलं तर उत्तर आलं, “भाडं वेळेवर देतो ना? मग?”

मंडळी, या “मग?” मध्येच सगळं आलं. भाडं हे वापराचं असतं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात भाडेपट्ट्याबद्दल लिहिलंय की नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडली, तर जागा जशी घेतली तशी परत करायची. आमच्या लायसन्सच्या करारातही ते कलम घातलेलं होतं. शिवाय राहण्यासाठी दिलेली जागा धंद्याला वापरायची नाही, हेही त्यात होतं.

मी त्याच आठवड्यात रजिस्टर्ड ए.डी.ने पत्र पाठवलं की माल पंधरा दिवसांत हलवा. प्लंबर मात्र लगेच लावला, कारण काकूंचं छत पत्रव्यवहार संपेपर्यंत थांबणार नव्हतं. फ्लॅटच्या आतल्या नळ-मोरीची गळती ही त्या सभासदाची जबाबदारी असते, सोसायटीची नाही. घरात भाडेकरू असला तरी खालच्या माणसाला आपणच जबाबदार.

माल थोडा हलला, थोडा तसाच राहिला. मुदत संपली तरी मंडळी हलेनात. “अजून दोन महिने” म्हणू लागले. तेव्हा आपल्यातल्याच एकांनी मला जिन्यात गाठून सल्ला दिला, “पाणी तोडा, लाइट काढा, दोन दिवसांत पळतील.” खरं सांगतो, हात शिवशिवले. पण वकिलांनी त्या वाटेलाच जाऊ नका म्हणून बजावलं होतं. भाडेकरूच्या अत्यावश्यक सेवा मालकाने तोडू नयेत, असं कलम २९ मध्ये आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या घरात पहिलीतली पोर होती. बापाने गोदाम केलं म्हणून तिने अंधारात अभ्यास करायचा का?

मी वकिलांकरवी एकच नोटीस दिली. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याला भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. दुप्पट हा आकडा वाचल्यावर माणसं भराभर खोकी बांधतात. मुदतीनंतर एकोणिसाव्या दिवशी घर रिकामं झालं.

आता हिशेब. माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा हाच आहे. आम्ही रिकाम्या घरात यादी आणि फोटो घेऊन बसलो. प्रत्येक गोष्टीपुढे मी दोनच शब्द लिहीत गेलो, ‘झीज’ किंवा ‘नासधूस’. भिंतीचा रंग मळलाय, ही झीज. नळाचे वॉशर गेले, झीज. दाराच्या मुठीची चकाकी गेली, झीज. माणूस राहणार म्हणजे एवढं होणारच, त्याचंच आपण भाडं घेतो. त्यामुळे रंगाचा खर्च मी धरला नाही. बाकीचं असं : ओटा ११,५०० रुपये, ट्रॉल्या ५,६००, प्लंबर आणि वॉटरप्रूफिंग ९,८००, काकूंचं छत आणि रंग ७,२००, विजेचं थकलेलं बिल ४,३४०. एकूण ३८,४४०. प्रत्येकाची पावती जोडलेली.

राहिले एकोणीस दिवस. दुप्पट धरले असते तर २२,८०० झाले असते आणि त्यांनीच मला वर १,२४० रुपये द्यावे लागले असते. मी साध्या दराने ११,४०० धरले. सगळं मिळून ४९,८४०. उरलेल्या १०,१६० रुपयांचा चेक दिला, त्यांनी हिशेबावर सही केली आणि विषय संपला. पुष्कळांनी मला विचारलं, “एवढं करून वर पैसे परत?” हो, परत. डिपॉझिट ही अनामत असते, दंड नाही. दुप्पटीसाठी अडून बसलो असतो तर सही झाली नसती, आणि सही नसती तर आज मी तुमच्यासमोर भाषण न करता कुठल्या तरी तारखेला उभा असतो. आणखी एक. ओट्याचे पैसे मागताना त्यांनी वाद घातला नाही, कारण रंगाचे मागितले नव्हते. झीज आपण सोडली की नासधूस समोरच्याला कबूल करावी लागते.

त्यानंतर मी घर कुणाला दिलं? चार इंजिनीअरिंगच्या मुलांना. (हशा) आपल्या काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, मला दिसल्या. दर तीन महिन्यांनी मी कळवून जातो, चहा ते करतात, कपही धुतात. गिझर बिघडला तर त्याच संध्याकाळी फोन येतो. काकूंचं सिलिंडर त्यातलाच एक वर चढवून देतो. दोन वर्षं झाली, फोटोतल्या ओट्यात आणि आजच्या ओट्यात फरक नाही.

म्हणून ठरावाबद्दल मला एवढंच म्हणायचंय. नासधूस करणारं कुटुंब होतं आणि सांभाळणारे बॅचलर निघाले. उद्या उलटही होईल. कोण कसा निघेल हे जातीवरून, लग्नावरून किंवा गाडीवरून कळत नाही. उद्या आपलीच मुलं परगावी जागा शोधत फिरतील, तेव्हा तिथल्या सोसायटीने काय करावं असं आपल्याला वाटेल? बंदीने काही साधणार नाही. त्याऐवजी चार गोष्टी आपण सगळ्यांनी पाळूया.

पहिली, करार नोंदवलेलाच हवा. ११ महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, हा गैरसमज आहे. आपल्या राज्यात कलम ५५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आणि जबाबदारी मालकाची. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, उलट सिद्ध होत नाही तोवर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच खरं धरतात. हल्ली घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते, आणि मुद्रांक शुल्क कराराच्या रकमेच्या पाव टक्का एवढंच. हजार-दोन हजार वाचवायला घर पणाला लावू नका.

दुसरी, यादी आणि फोटो कराराला जोडा, दोघांच्या सह्यांनिशी. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्या.

तिसरी, कळवून अधूनमधून जा. वर्षभर कुणी फिरकलं नाही की माणसाला ते घर बेवारस वाटायला लागतं.

चौथी आपल्या सोसायटीसाठी. बिनभोगवटा शुल्क आपण घेतो, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि आपली समिती ते नेमकं पाळते याबद्दल तिचं अभिनंदन. पण शुल्क घेतल्यावर भाडेकरूला गणपतीच्या आरतीलाही बोलवा. ओला कचरा कुठे टाकायचा, टाकी कधी भरते, हे त्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगा. वॉचमनला सांगा की रात्री टेम्पो आला तर सचिवांना फोन कर. आणि काकू, तुम्ही समोरच बसला आहात म्हणून सांगतो, पाणी ठिबकलं तर पहिल्या दिवशी फोन करायचा, आठव्या नाही. (हशा, टाळ्या)

पुढच्या पंचवीस वर्षांत इथे मालक कमी आणि भाडेकरू जास्त, असंही होईल. तेव्हाही छत, जिना आणि टाकी एकच असणार आहे. ती सगळ्यांनी मिळून सांभाळावी, एवढी इच्छा व्यक्त करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.