डाग केवढा, की किती पांढरा?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



छातीच्या सीटी स्कॅनच्या अहवालात ‘फुप्फुसात लहान डाग’ असे शब्द आले, की पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘डॉक्टर, केवढा आहे?’ प्रश्न योग्यच आहे. पण रेडिओलॉजिस्ट म्हणून मी आणखी एक गोष्ट पाहते, ती म्हणजे डाग किती पांढरा आहे.

सीटीमध्ये हवा काळी दिसते. निरोगी फुप्फुसात हवेने भरलेले कोट्यवधी वायुकोश असतात, म्हणून ते काळसर दिसते. काही डाग खिडकीच्या दुधी काचेसारखे धूसर असतात. त्यांच्यातून रक्तवाहिन्या दिसत राहतात. काही पूर्ण पांढरे, घट्ट असतात. काहींत धूसर वलयात पांढरा भाग असतो.

असे का, ते शस्त्रक्रियेत काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळते. अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. धूम्रपान न करणाऱ्यांनाही तो होतो. सुरुवातीला त्याच्या पेशी अनेकदा वायुकोशांच्या भिंतींवरूनच पसरतात, ओल्या भिंतीवर शेवाळ चढावे तशा. भिंत शाबूत, आत हवाही शिल्लक. म्हणून डाग धूसर दिसतो. पुढे पेशी भिंत भेदून आत शिरतात, वायुकोश मिटतात, तंतू वाढतात. हवेची जागा भरून जाते आणि डाग पांढरा होतो. तंतू आखडले, की कडा काटेरी दिसतात आणि जवळचे फुप्फुसावरण आत ओढले जाते.

जपानमध्ये मासायुकी नोगुची आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली २ सेंटिमीटरपर्यंतच्या २३६ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. भिंतीवरच पसरलेल्या, तंतूंची सक्रिय वाढ नसलेल्या गाठी काढल्यावर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण १०० टक्के होते. २०११ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने अशा गाठींना स्वतंत्र स्थान दिले. २०१७ पासून तर धूसर भाग असलेल्या गाठीची पायरी ठरवताना सीटीवरचा फक्त पांढरा, घट्ट भाग मोजतात.

मात्र रंग हा पुरावा नव्हे, इशारा आहे. संसर्गानेही धूसर डाग उमटतो आणि काही आठवड्यांत विरतो. नुसते वायुकोश मिटले तरी पांढरेपणा येतो. म्हणूनच काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करायला सांगतात. ती चालढकल नसते. धूसर डाग बहुधा फार सावकाश वाढतो, आणि घाईने केलेली शस्त्रक्रिया अनावश्यक ठरू शकते. उलट, धूसर डागात नवा पांढरा ठिपका दिसला, तर थांबून चालत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. डाग दिसला, की क्षयरोगाची शंका येते, आणि ती अनेकदा खरीही असते. पण तपासणीत जंतू सापडलेले नसताना औषधे सुरू केली आणि डाग तसाच राहिला किंवा वाढला, तर तुकडा काढून तपासण्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारा. त्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

शेवटी एक विनंती. अहवालाच्या कागदाबरोबर स्कॅनची सीडीही जपून ठेवा. ‘लहान डाग’ एवढ्या शब्दांवरून तो बदलला की नाही, हे मला सांगता येत नाही. जुनी आणि नवी चित्रे शेजारी ठेवली, की सांगता येते.