तिकीट फुकट होईपर्यंत थांबू नका

२६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला एसटीचा प्रवास राज्यभर मोफत झाला. ६५ ते ७५ या वयात निम्मे तिकीट पडते आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना कोणत्याही वयात निम्मेच. भोर आणि वेल्हे, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणतात, या दोन डोंगरी तालुक्यांत रेल्वे नाही. दवाखाना, बँक, तहसील, देवदर्शन सगळ्याला रस्ताच. त्यामुळे ही सवलत इथे फार मोलाची. पण तिच्या पोटात एक घातक हिशेब दडलेला आहे. बरेच लोक पासष्टीची, मग पंचाहत्तरीची वाट पाहत बसतात. ‘आता कशाला पैसे घालवायचे, थोड्या वर्षांनी फुकटच जाऊ.’ माझे म्हणणे असे की निवृत्तीनंतर प्रवासाचा पैसा पहिल्या सात-आठ वर्षांत खर्च करावा, आणि तो करता यावा अशीच बाकीच्या पुंजीची घडी बसवावी.

वयाचा आणि सवलतीचा मेळ कसा आहे पाहा. राज्य सरकारी नोकर साधारण ५८ व्या वर्षी घरी येतो; शिरवळच्या कारखान्यांतला कामगार किंवा मुंबईत माथाडी म्हणून पाठ झिजवून गावी परतलेला माणूसही त्याच सुमारास. त्याला एसटीची सवलत मिळायला सात वर्षे आहेत. रेल्वेत पूर्वी साठीच्या पुरुषाला ४० टक्के आणि ५८ च्या बाईला ५० टक्के सूट होती. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. उरली ती खालच्या बर्थची सोय. म्हणजे गुडघे चांगले, नजर शाबूत, रायरेश्वराची शिडी चढता येते, राजगडाची वाट झेपते, त्या वर्षांत पुरुषाला सवलत शून्य. आणि पूर्ण मोफत होते तेव्हा एसटीची पहिली पायरीच उंच वाटू लागते. यात सरकारचा दोष काढायचे कारण नाही. मदत जास्त वयाच्या माणसाला जास्त मिळावी हे योग्यच आहे. पण आपण आपले बेत सरकारच्या तक्त्यावर आखायचे का, हा प्रश्न आपला आहे.

शिवाय तिकीट वाचते म्हणजे नेमके किती वाचते? जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. ती वाढ धरूनही भोरहून स्वारगेट साध्या गाडीने नव्वद-शंभर रुपयांच्या घरात आहे. महिन्याला एक फेरी मारली तरी वर्षाला साधारण २,४०० रुपये. भोरहून कोल्हापूरला नवरा पूर्ण तिकिटावर आणि बायको निम्म्यावर, असे दोघांचे जाणे-येणे हजाराच्या आसपास होते. खरा खर्च उतरल्यावर सुरू होतो. स्वारगेटपासून दवाखान्यापर्यंतची रिक्षा, दोन वेळचे जेवण, मुक्कामाची खोली, आणि गावाला जाणारी शेवटची गाडी चुकली तर खासगी जीप. सवलतीने माफ होतो तो या सगळ्यातला लहान हिस्सा. त्यासाठी सात वर्षे घरी बसणे हा तोट्याचा सौदा आहे. ज्यांना निम्मे तिकीटही लागू नाही, त्यांच्यासाठी एसटीचा ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास आहे. एकदा पैसे भरले की राज्यात हवे तिकडे फिरा. आपल्याकडे भात झोडून झाला की डिसेंबरपासून शेतात फारसे काम नसते, उन्हाळ्यातली लग्नसराई अजून दूर असते आणि गाड्यांना मे महिन्याची गर्दी नसते. पास काढायचा तर तेव्हा.

आता पैशाची घडी. निवृत्तीची रक्कम एकगठ्ठा हाती येते आणि एकगठ्ठाच जाते; घराचा स्लॅब, मुलीचे लग्न, मुलाची गाडी. जे उरते त्याचे आधी नियमित उत्पन्न करावे. पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. वय ६० लागते; निवृत्तीचे पैसे हाती आलेल्याला ५५ नंतरही खाते उघडता येते, मात्र तीन महिन्यांच्या आत. मर्यादा ३० लाख, मुदत पाच वर्षे. सध्याच्या ८.२ टक्के दराने १० लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये हातात येतात, आणि खाते उघडताना जो दर असेल तो पाच वर्षे बदलत नाही. दरमहा पैसे हवे असतील तर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना आहे. एकट्याच्या नावावर ९ लाख, त्यावर ७.४ टक्क्यांनी महिना ५,५५०. त्या २०,५०० मधला दहावा हिस्सा प्रवासाच्या नावाने वेगळा ठेवला तर वर्षाला ८,२०० रुपये होतात. एसटीने फिरणाऱ्या जोडप्याला पंढरपूर, कोल्हापूर आणि पुण्याच्या चार फेऱ्या यात सहज बसतात.

इथे जाणकार श्रोता म्हणेल की व्याज तेवढेच राहते आणि महागाई वाढते, त्याचे काय? आक्षेप बरोबर आहे. महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. म्हणून व्याज सगळे खाऊ नये. तिमाहीतले तीनेक हजार आवर्ती ठेवीत परत टाकावेत. पण या आक्षेपातून माझाच मुद्दा पक्का होतो. आज हजारात होणारी कोल्हापूरची वारी बारा वर्षांनी दोन हजारांची होईल आणि तेव्हा पाय कसे असतील कोण जाणे. जास्त व्याजाच्या लोभाने पतसंस्थेत सारी पुंजी ठेवणे मात्र या आक्षेपाचे उत्तर नव्हे. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे; पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना गेला. मधली नऊ वर्षे ठेवीदारांनी काय भोगले ते पुणे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. ती तर बँक होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दहा लाख कुणाकडे आहेत? भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ पासून हजार रुपये आहे. श्रावणबाळ योजनेत ६५ नंतर महिना १,५०० मिळतात, तेही कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१ हजारांच्या आत दाखवता आले तर. या घरांना कोल्हापूरचा बेत सांगणे क्रूरपणाचे होईल. पण हिरडस मावळातल्या किंवा गुंजण मावळातल्या अशा घरालाही प्रवास टळत नाही. उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, बँकेतून पैसे काढणे, सगळ्याला तालुक्याला जावे लागते. तेव्हा निदान वाया जाणाऱ्या फेऱ्या तरी वाचवाव्यात. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला हयातीचा दाखला पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर करून देतो. तालुक्याची दोन-तीन कामे बाजारच्या दिवशी एकाच फेरीत उरकावीत. वाचलेल्या एका फेरीत बनेश्वरचे दर्शन होते.

आजारपणासाठी पैसा राखून ठेवायला नको का? हवा, पण तो वेगळा आणि हात न लावता. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीनंतरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचे ५ लाखांचे कवच आहे. कार्ड आजार येण्याआधी काढावे. रक्तदाबाच्या, साखरेच्या रोजच्या गोळ्या मात्र यात येत नाहीत. त्यांचा खर्च दरमहाच्या हिशेबात धरावा, जन औषधी दुकान जवळ असेल तर तिथून घ्याव्यात. ‘तांदूळ घरचा आहे, मुलगा बघतो, पैसे कशाला लागतात’ असेही म्हणतात. तांदळावर रिक्षावाला नेत नाही. मुलाच्या नावे जमीन करायचीच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळाची अट स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा आधार तेव्हाच भक्कम राहतो.

राहिला एसटीचा प्रश्न, आणि इथे माझ्याकडे गोड उत्तर नाही. गाडीच येत नसेल तर सवलत कागदावर राहते. वेळवंड खोऱ्यातल्या आणि तोरण्यामागच्या वस्त्यांना मुक्कामी गाडी हाच आधार असतो. ती रात्री येते आणि पहाटे परत जाते. ती बंद पडली की सगळे बेत कोलमडतात. यावर एकेकट्याने कुरकुरून काही होत नाही. पुढच्या ग्रामसभेत गावातल्या सगळ्या ज्येष्ठांनी मिळून ठराव मांडा, कोणत्या वस्तीला कोणत्या वेळी गाडी हवी ते त्यात लिहा, आणि त्याची प्रत भोरच्या आगार व्यवस्थापकांना द्या. ठरावावर सह्या करणाऱ्यांत साठीतलेही असू द्यात.