डोंबिवलीची नोंद

ड्रायव्हर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एसटीचं स्टिअरिंग धरून बसलेला माणूस येतो. संगणकातही ड्रायव्हर असतो, पण त्याचं काम दुभाष्याचं. आपण वापरतो तो प्रोग्राम एक भाषा बोलतो, माहिती साठवणारा डेटाबेस दुसरी. दोघांमधले निरोप पोचवतो तो डेटाबेस ड्रायव्हर. हा दुभाषा एकदा ‘नाही’ म्हणाला आणि मी भलत्याच माणसाला दोष दिला, त्याची ही गोष्ट.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचं काम माझ्याकडे होतं. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली अशा तीन शाखा. इंग्रजीतल्या नोंदी मराठीत सुरू करायच्या होत्या. ठाण्यात काम सुरळीत लागलं, पुढच्या आठवड्यात कल्याणलाही. डोंबिवलीत मात्र पहिल्याच दिवशी पडद्यावर एकच वाक्य : ‘नोंद झाली नाही.’ ठेवींच्या पावत्या अडल्या, ज्येष्ठ नागरिक दोन-दोनदा जिने चढून परत जाऊ लागले.

नोंदी करणाऱ्या ताई कंत्राटावर होत्या. मी त्यांच्याकडून एका नोंदीचा कागद मागवला आणि ठाण्यात बसून तीच नोंद स्वतः केली. लगेच झाली! मी व्यवस्थापकांना सांगून टाकलं, ‘‘प्रोग्राम ठीक आहे, टायपिंगमध्ये चूक होतेय.’’ त्यांनी दुसरा माणूस शोधायची भाषा सुरू केली.

चौथ्या दिवशी मी लोकल पकडून डोंबिवलीला गेलो. ताई शांतपणे म्हणाल्या, ‘‘सर, एक गंमत दाखवते.’’ त्यांनी नोंद भरली. झाली नाही. मग बाकी काहीही न बदलता फक्त शाखेच्या चौकटीत ‘डोंबिवली’च्या जागी ‘ठाणे’ निवडलं. नोंद झाली. ‘‘ठाण्याची नोंद माझ्या हातून होते. डोंबिवलीची तुमच्याही हातून व्हायची नाही. बघा करून.’’

खरंच झाली नाही. ठाण्यात मी केलेल्या नोंदीत शाखा आपोआप ‘ठाणे’ पडली होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग मी प्रोग्राम उघडला. पीएचपी भाषेत ओरॅकल डेटाबेसला हुकूम पोचवणारं ‘ओसीआय-एक्झिक्यूट’ नावाचं फंक्शन असतं. काम फसलं तर ते ‘नाही’ म्हणतं आणि कारणही सांगतं. पण पडद्यावर इंग्रजी सूचना दिसू नयेत म्हणून मीच त्याच्या आधी @ हे चिन्ह टाकलं होतं. म्हणजे दुभाष्याच्या तोंडावर हात! तो हात काढला आणि सूचना दिसली : ‘ओआरए-१२८९९’. मजकूर रकान्यापेक्षा मोठा; प्रत्यक्षात २४, जास्तीत जास्त २०.

‘डोंबिवली’त २४ कुठून आले? आपण वाचतो डों, बि, व, ली अशी चार अक्षरं. संगणक मात्र काना, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजतो. त्याच्या हिशेबी ती आठ चिन्हं. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणून ‘ठाणे’ १२ बाइट, ‘कल्याण’ १८, ‘डोंबिवली’ २४. वेगळं सांगितलं नाही तर ओरॅकल रकान्याची रुंदी बाइटमध्येच मोजतो. इंग्रजीच्या काळात ठेवलेला २० चा रकाना मी तसाच राहू दिला होता. इंग्रजीत डोंबिवली आठ बाइटांत मावत होती.

दुरुस्ती सोपी होती. रकाना २० बाइटांऐवजी २० चिन्हांचा केला. मग नावं आणि पत्ते यांचे रकानेही तपासले, कारण एकट्या ‘श्रीकृष्ण’ला २७ बाइट लागतात.

त्यानंतरचं काम अवघड होतं. व्यवस्थापकांच्या टेबलापाशी ताईंच्या समोर उभं राहून सांगितलं, ‘‘चूक यांची नव्हती, माझी होती.’’ पावत्या त्याच दुपारी निघू लागल्या. ताईंचं कामही टिकलं.

निघताना त्या म्हणाल्या, ‘‘सर, ‘नोंद झाली नाही’च्या खाली का झाली नाही, तेही लिहा ना. आम्हाला वाचता येतं.’’

तेव्हापासून मी बनवलेल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये ती दुसरी ओळ असते.