सामाईक की स्वतंत्र?

ना. म. जोशी मार्ग आणि नायगाव येथील बी. डी. डी. चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांची खोली ज्याची त्याची. जिना व शौचालये मात्र सामाईक. पुनर्विकासात पात्र कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे स्वयंपूर्ण घर मिळते. सामाईक काय आणि स्वतंत्र काय, हा प्रश्न संगणकाच्या सर्व्हरवरही उभा राहतो.

एकाच सर्व्हरवर निरनिराळी कामे परस्परांपासून विलग ठेवणाऱ्या कप्प्यांना ‘कंटेनर’ म्हणतात. सामाईक पद्धतीत मूळ फायलींचा एकच, केवळ वाचता येणारा संच सर्व कप्पे वापरतात. एखाद्याने फाईल बदलली की तिची प्रत त्याच्याच वेगळ्या थरात तयार होते. शेजाऱ्याला झळ लागत नाही. २०१४ च्या अखेरीस लिनक्समध्ये समाविष्ट झालेली ‘ओव्हरले’ पद्धत अशीच चालते. जागा वाचते आणि दुरुस्त संच एकदाच तयार करून त्यावर सर्व कप्पे नव्याने उभारता येतात. मात्र मूळ संच बिघडल्यास सर्वांनाच फटका बसतो.

स्वतंत्र पद्धतीत प्रत्येकाला संपूर्ण प्रत मिळते. जागा अधिक लागते, दुरुस्तीही प्रत्येक ठिकाणी करावी लागते. पण एकाचा बिघडलेला साठा दुसऱ्याला बाधत नाही. तरीही लिनक्सचा गाभा, इमारतीच्या पायाप्रमाणे, दोन्हींत सामाईकच राहतो.

कप्पा काढून टाकला की त्याचा थरही नष्ट होतो. म्हणून जन्म-मृत्यूच्या नोंदी किंवा घरपट्टीचा हिशेब त्यात कधीही ठेवू नये. कार्यक्रम सामाईक असावेत. नोंदी कप्प्याबाहेर, स्वतंत्र साठ्यात असाव्यात आणि त्यांची प्रत अन्यत्र जतन करावी. नागरिकाचा दाखला त्यावरच अवलंबून असतो.