स्थिर प्रणाली आणि नवे यंत्र
डेबियन या मुक्तस्रोत संगणकप्रणालीची स्थिर आवृत्ती साधारणपणे दर दोन वर्षांनी निघते आणि त्यानंतर तिचा कर्नल, म्हणजे यंत्रसामग्री व सॉफ्टवेअर यांच्यात दुवा साधणारा गाभा, त्याच मालिकेत ठेवून केवळ सुरक्षेच्या व गंभीर दोषांच्या दुरुस्त्या केल्या जातात. असंख्य सर्व्हर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालतात ते या संयमामुळेच. परंतु १० जून २०२३ रोजी ६.१ कर्नलसह आलेली बारावी आवृत्ती तिच्यानंतर बाजारात आलेल्या लॅपटॉपवर चढवली, तर वाय-फायची चिप ओळखलीच न जाण्याची शक्यता असते, कारण तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, पुढच्या कर्नलमध्ये आलेला असतो. यावरचा तोडगा शहाणपणाचा आहे: ‘बॅकपोर्ट्स’ या वेगळ्या भांडारात नवा कर्नल स्थिर आवृत्तीसाठी पुन्हा बांधून ठेवला जातो आणि गरजू वापरकर्ता तेवढाच घेऊ शकतो. फर्मवेअरचा, म्हणजे उपकरणात भरल्या जाणाऱ्या आज्ञावलीचा, प्रश्न अधिक अवघड होता, कारण ती बहुधा मुक्त नसते. २०२२ मध्ये डेबियन प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदानाने तिला अधिकृत इन्स्टॉलरमध्ये स्थान दिले, आणि तत्त्वाला मुरड घालणारा असला तरी हा निर्णय योग्यच होता. जुने यंत्र नीट चालत असेल, तर मात्र वापरकर्त्यांनी त्याचा स्थिर कर्नल बदलू नये.