अंगावर साडी, डोक्यावर कर्ज



पूर्वी मोठ्या जहाजांवर रात्रीच्या जेवणाला साहेब लोक खास पोशाख करून येत. 29 ऑगस्ट 1931 ला गांधीजी 'राजपुताना' जहाजानं मुंबईहून विलायतेला निघाले. सोबतच्यांनी सामानाच्या पेट्या भरभरून घेतल्या होत्या. बापूंनी जादाच्या पेट्या एडन बंदरातून परत पाठवल्या. 5 नोव्हेंबरला ते राजाच्या महालात चहाला गेले, तेही पंचा, शाल आणि चपला घालूनच. हेच बापू 1936 मध्ये आपल्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले.

हे आज का सांगते? वर्ध्याला आमच्या गटाचा सत्कार होता. मी गटातून दोन हजार उचलून साडी घेतली. नेसली एकदाच, हप्ते मात्र दहा महिने भरले. त्यात पोरीच्या वह्या राहून गेल्या. अन् सत्कारात साडीबद्दल कोणी विचारलंच नाही. विचारलं ते गटाच्या हिशेबाबद्दल.

नटायला माझी ना नाही. पण पेटीतलीच साडी धुऊन, इस्त्री करून नेसा. गटाचा पैसा बियाण्याला, औषधपाण्याला, पोरांच्या शाळेला राहू द्या.

येते बायांनो.